देवकाबाई गप्प बसली त्याची गोष्ट

आरमोरीच्या आठवडी बाजारात मासोळीच्या ओळीत देवकाबाई नान्हे बसते. तुम्ही कधी तिच्याकडून मासोळी घेतली असेल, तर तिचा आवाज कसा आहे ते मी सांगायला नको. घेतली नसेल तर एवढंच सांगते की बसस्टँडवर उतरलेल्या माणसाला आज बाजार आहे का, हे कोणाला विचारावं लागत नाही. ती आमच्या घराला लागूनच राहते. मी जन्मभर अंगणवाडी चालवली, म्हणजे ओरडण्याचाच पगार घेतला. पण देवकाबाईपुढे मीसुद्धा अंगणवाडीतलंच पोर. तिच्या सासूनं तिला गप्प करून पाहिलं, सरपंचानं करून पाहिलं, एकदा मच्छीमार सोसायटीच्या सगळ्या सभेनं मिळून करून पाहिलं. कोणालाच जमलं नाही.

म्हणून जहाजावर देवकाबाईला कोणीतरी चारचौघांत गप्प बसवलं आणि ती खरंच बसली, ही बातमी गावात आली तेव्हा अर्ध्या लोकांना ती थाप वाटली. मला वाटली नाही, कारण ती मला तिनं स्वतः सांगितली. आणि सांगताना ती इतकी खुश होती, की तेवढी ती मला लेकीच्या जन्माच्या वेळीही दिसली नव्हती.

आधी नवऱ्याबद्दल सांगते. गोविंदा वैनगंगेवर डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवतो, जाळं टाकतो, आणि बोलत नाही. लग्नात दोघांचे शब्द एकत्र केले आणि सगळे बायकोच्या ओटीत पडले, असं आम्ही बायका म्हणतो. पण त्याचं न बोलणं म्हणजे मवाळपणा समजू नका. गोविंदानं एकदा कशाला मान डोलावली की संपलं. तहसीलदार आला तरी ती मान परत फिरत नाही.

या दोघांची एकुलती एक मुलगी रिना. बारावी आरमोरीत केली, नागपुरात हॉटेलच्या कामाचं शिकली आणि मुंबईच्या एका प्रवासी जहाजावर लागली. हे जहाज लोकांना फिरवायला नेतं, मुंबईहून गोवा, तिथून खाली लक्षद्वीपची बेटं आणि परत. रिनाचं काम खोल्या आवरण्याचं. बिछाने घालायचे, न्हाणीघरं धुवायची, पाहुण्यांना हवं नको पाहायचं. पोरीनं हे कधी लपवलं नाही. पण गावाला लपवलेलंच ऐकू येतं. पोट्टी पँट घालते, पाण्यावर झोपते, परक्यांच्या गाद्या झटकते, आणखी काय काय करते कोणास ठाऊक, असं सुरू झालं. देवकाबाई एकेकीला बाजारात गाठून सरळ करायची. गोविंदा ऐकून घ्यायचा, आणि त्यानं ऐकून घेतलेलं आत साठून राहायचं.

अशात नागभीडहून पत्रूभाऊंनी आपल्या मुलासाठी रिनाला मागणी घातली. घर चांगलं, मुलगा मेहनती, मोटरसायकल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान. अट एकच, मुलीनं जहाज सोडावं. गोविंदानं मान डोलावली. आता हे प्रकरण मिटलं असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

रिनाचा जहाजावरचा करार पौषातल्या फेरीला संपत होता. पुढचा करावा तर साहेब तयार होते. तिनं फोनवर बापाशी वाद घातला नाही. म्हणाली, तुम्ही म्हणाल तसंच करीन, पण आधी एकदा येऊन बघा. कामावरच्या माणसाला आईबापाला एकदा फिरवून आणता येतं, माझी ती सवलत अजून शिल्लक आहे. गोविंदानं चौकात सगळ्यांसमोर सांगितलं, "जातो. येताना पोट्टीले उतरवूनच आणतो."

त्या रात्री भांडण ऐकू येईल म्हणून मी कान देऊन होते. आलं नाही. दुसऱ्या दिवशी देवकाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "कांताबाई, पोट्टीसाठी मी साऱ्या बाजाराशी भांडून राह्यली. पण मले तरी काय माहीत तिथी काय हाय ते? मले काई माहीत नाई, बाई." तिच्यासारख्या बाईला भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

तर दोघं निघाली. आमच्याकडे पुसाची, म्हणजे पौषातली थंडी अशी की सकाळी घोंगडीतून हात बाहेर निघत नाही. नदीवर असं गारठायला होतं तर समुद्रावर काय होईल, असा साधा हिशेब करून देवकाबाईनं दोन घोंगड्या, दोन स्वेटर, कानटोप्या आणि डबाभर सुकट घेतली. मुंबईत उतरताच अंगातून घामाच्या धारा लागल्या. पुढं समुद्रावर तर लोक अर्धे कपडे काढून उन्हात पडलेले. आम्ही पुसात भिंतीला पाठ लावून ऊन खातो ते हुडहुडी भरते म्हणून. इथं माणसं घाम गाळत ऊन खातात आणि वर थंडगार शरबत पितात, याचा देवकाबाईला आजही उलगडा झालेला नाही. घोंगड्या मात्र वाया गेल्या नाहीत. खोलीत यंत्राची थंडी इतकी होती की दोघं स्वेटर, कानटोप्या घालून झोपायची आणि सकाळी दार उघडून उकाड्यात यायची.

पण मी पुढं गेले. खरा घोटाळा जहाजावर पाय ठेवण्याआधीच झाला.

ढिवरांमध्ये, म्हणजे देवकाबाईच्या मासेमार जातीत, डोंग्यावर कोणी पायताण घालून चढत नाही. डोंगा म्हणजे आई. तिच्या पोटात बसायचं तर चपला काठावर राहतात, आणि नव्या डोंग्यावर पहिल्यांदा चढताना तिला हळदकुंकू लागतं. ही रीत लहान पोरालाही सांगावी लागत नाही. आता या दोघांना जहाजाची उंची दिसली, दिवे दिसले, पण शेवटी ते पाण्यावर होतं, आणि पाण्यावरचं ते सगळं डोंगा. धक्क्यावरच्या त्या चकचकीत इमारतीत जहाजाकडे जाणाऱ्या दाराजवळ दोघांनी आपापल्या चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि अनवाणी पुढं गेली. देवकाबाईनं जहाजाच्या दारात वाकून उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. पांढऱ्याशुभ्र रंगावर लाल बोट उमटलेलं पाहून दारावरचा शिपाई धावत आला. देवकाबाईनं त्याला विचारलं की एवढी मोठी डोंगी आणली आणि हिची ओटी कोणी भरली नाही का. त्याला मराठी येत नव्हतं, हे त्याचं नशीब.

रिना आत त्यांना घ्यायला उभी होती. आईबापाचे पाय पाहिले आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. तिनं तातडीनं धक्क्यावर निरोप पाठवला, पण तोवर दोन जोड चपला बेवारस सामान म्हणून उचलून नेल्या होत्या. देवकाबाई हसून मोकळी झाली. गोविंदाचं लक्ष चपलांकडे नव्हतंच. तो लेकीच्या पायांकडे पाहत होता. ढिवराची पोर पाण्यावर उभी होती आणि तिच्या पायात काळे कुळकुळीत जोडे होते.

देवकाबाई म्हणते, पँट, गाद्या, न्हाणीघरं, यातलं काही त्याला तेवढं लागलं नाही जेवढे ते जोडे लागले. खोलीत गेल्यावर त्यानं एवढंच म्हटलं, "पोट्टी आपली राह्यली नाई." आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

जेवायच्या मोठ्या दालनात अनवाणी माणसाला घेत नव्हते. रिनानं खोलीतल्या पांढऱ्या कापडी सपाता दिल्या, पण दोघांनी त्या घातल्या नाहीत. मग वरच्या मजल्यावर, जिथं पोहण्याचं टाकं होतं, तिथं जेवायची सोय निघाली. पाण्यावर जहाज आणि जहाजावर परत टाकं कशाला, हा देवकाबाईचा प्रश्न बाजूला ठेवा. पण तिथं लहानथोर सगळेच अनवाणी फिरत होते. ते पाहून गोविंदाला बरं वाटलं. एवढ्या जहाजात वरच्या मजल्याचे लोक तरी रीत पाळतात, असं तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला.

जेवणात मासोळी होती. देवकाबाईनं ताट उलटंपालटं करून पाहिलं. काटा नाही, कातडी नाही, पिठात घोळलेले नुसते पांढरे तुकडे. मुंडकी कुठं गेली, हे तिनं वाढणाऱ्याला खुणा करून विचारलं. त्यानं कळल्यावर खुणेनंच सांगितलं की टाकून दिली. हे मला सांगतानाही तिचा जीव तळमळत होता. मासोळीचं मुंडकं टाकून देणारे लोक श्रीमंत असतील, पण शहाणे नाहीत, असं तिचं ठाम मत झालं आहे, आणि माझंही.

दुसऱ्या दिवशी गोवा आलं. रिनाला थोडा वेळ सुट्टी मिळाली. तिनं आईबापाला बाजारात नेऊन दोघांना कापडी बूट घेऊन दिले. जमिनीवर घालायला गोविंदाची काही हरकत नव्हती. देवकाबाई लुगड्याखाली ते पांढरे बूट घालून वाळूवरून चालली आणि आपल्याच पायांकडे पाहून हसत सुटली. त्या हसण्यातच गोविंदानं लेकीला विचारलं, "बॅग भरली का?" रिना म्हणाली, भरून ठेवते. मग कोणी हसलं नाही. परत जहाजाशी आल्यावर नवराबायकोनं दारात बूट काढून हातात घेतले आणि दोघं आत शिरली. मागचे लोकही थबकले. त्यांना वाटलं, आत ओलं असेल.

रिना रोज सकाळी त्यांच्याच खोलीत काम करायला यायची. देवकाबाई चादरीचं दुसरं टोक धरायला जायची आणि रिना सोडवून घ्यायची. पाहुण्यांनी हात लावायचा नाही असा नियम होता. स्वतःची लेक आपल्याला पाहुणी म्हणते हे देवकाबाईला झोंबलं. ती खुर्चीत बसून बघत राहायची. पोरीचे हात भराभर चालायचे, चादरीला एक सुरकुती राहायची नाही. चांगलंच काम करत होती. पण चांगली चादर घालते म्हणून पोरीला गावापासून लांब ठेवायचं का, याचं उत्तर देवकाबाईला त्या खुर्चीत बसून सापडलं नाही. नवऱ्यानं शब्द दिला आहे, आणि आपल्याजवळ तो फिरवण्याजोगं काही नाही, असं तिनं मनाशी मान्य करून टाकलं होतं.

बेटं पाहून जहाज परत निघालं. समुद्र शांत होता, आणि दुपारची जेवणं होऊन लोक उन्हात पसरले होते. एकाएकी भोंगा वाजायला लागला. थांबेचना. मग कर्ण्यातून सूचना आली. देवकाबाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण लोकांची तोंडं उतरलेली कळली. खाली कपडे धुण्याच्या खोलीत आग लागली होती आणि सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी जमायला सांगितलं होतं, हे तिला नंतर समजलं. धुराचा वास मात्र तेव्हाच आला. एका नोकरानं दोघांना हाताला धरून त्यांच्या जागी पोचवलं. जाताना देवकाबाईनं खोलीतून काय घ्यावं? पैशाचा बटवा नाही, दागिन्यांची डबी नाही. खाटेखालचे दोघांचे बूट घेतले. का घेतले, तिला आजही सांगता येत नाही.

जागा म्हणजे जहाजाच्या कडेचं मोठं दालन. बाहेर दोरांना टांगलेल्या नारिंगी होड्या. आत माणसंच माणसं, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. कोणी रडतंय, कोणी पेटी घेऊन आलंय, एक धिप्पाड माणूस बायकोला पुढं ढकलत होडीकडे जायला दार मागतोय. आणि दारासमोर पाठ लावून, अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर टोपी, हातात जागेचा नंबर लिहिलेली पाटी घेऊन रिना उभी.

बिछाने घालणाऱ्या पोरीचं हेही काम असतं, हे दोघांना माहीत नव्हतं. जहाजावर संकट आलं की प्रत्येकाला वेगळी जबाबदारी वाटून दिलेली असते, आणि या दालनातली सगळी माणसं रिनाच्या हवाली होती. त्यांना जाकिटं घालायची, मोजायची, आणि वेळ आलीच तर होडीत बसवून पाण्यात उतरवायची. ती सांगत होती, बसून घ्या, दार मोकळं ठेवा. लोक ऐकत नव्हते. धिप्पाड माणूस तिच्या अंगावर ओरडला.

मग जे व्हायचं ते झालं. लेकीवर कोणी ओरडतंय हे देवकाबाईला दिसलं आणि ती खुर्चीवर चढली. आरमोरीच्या बाजारात लावते तो आवाज तिनं त्या बंद दालनात लावला. "बसा खाली सारेच्या सारे! कानात बोटं घातले का?" काचा थरथरल्या असं गोविंदा म्हणतो. भाषा कोणाला कळली नसेल, पण सगळे जागच्या जागी थांबले. देवकाबाईला चेव आला. ती त्या धिप्पाड माणसाला आणखी काही ऐकवणार, तेवढ्यात रिनानं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "आई, खाली उतर. बस. इथी बोलाचं काम माहं हाय."

देवकाबाई उतरली आणि बसली.

मी तिला विचारलं, राग नाही आला? ती म्हणाली, राग यायला जागाच नव्हती. त्या पोरीच्या आवाजात आई नव्हती, लेक नव्हती. तिथं फक्त ती होती आणि तिच्या भरवशावर असलेली माणसं होती. "माह्या पोटची पोट्टी मले म्हणते बस, अन् माहे पाय आपोआप बसले, कांताबाई." हे सांगताना तिची छाती इतकी फुगली होती की मला भीती वाटली.

आता इथं डोंग्याची दुसरी रीत सांगावी लागते. डोंगा पाण्यात असतो तेव्हा मागं बसून वल्हं धरणारा सांगेल तेच ऐकायचं. त्याला ते लोक मांगचा म्हणतात. मांगचा वयानं लहान असला तरी चालतं. बाप पुढं आणि पोरगा मागं असेल तर बापानं पोराचं ऐकायचं. काठाला लागल्यावर पोराच्या कानाखाली वाजवली तरी चालते, पाण्यात नाही. गोविंदाचा सगळा जन्म या रितीवर गेला. पण ढिवरांत बाई कधी मांगची होत नाही. बायका काठाच्या पाण्यात झिंगे धरतात, वल्हं पुरुषाकडे. त्यामुळे लेकीला जाकीट घालून उभी पाहिली तरी ती कोण आहे हे गोविंदाला लगेच उमगलं नव्हतं. बायको खाली बसली तेव्हा उमगलं.

रिना ओळीतून एकेकाचं जाकीट ओढून पाहत आली. बापापाशी थांबली. त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. होडीत उतरायची वेळ आली तर ज्यावरून जायचं तो लोखंडी जिना उन्हानं तापलेला होता. ती म्हणाली, "बाबा, जोडे घाला."

देवकाबाईला वाटलं, आता हा माणूस दगडासारखा बसून राहील आणि चारचौघांत लेकीचा अपमान होईल. गोविंदानं लेकीकडे पाहिलं. मग वाकला, बायकोच्या मांडीवरचे बूट घेतले आणि पाण्यावर बसून पायात घातले. नाड्या त्याला बांधता येत नव्हत्या. आयुष्यात कधी बांधल्या नव्हत्या. त्यानं जाळ्याला मारतात तशी गाठ मारली. देवकाबाईनंही घातले. रिना पुढच्या माणसाकडे गेली.

बराच वेळ सगळे तसेच बसून होते. एका म्हाताऱ्या बाईला चक्कर आली, रिनानं तिला जमिनीवर निजवलं आणि पाणी पाजलं. धिप्पाड माणसाचं लहान मूल रडायला लागलं, त्याला तिनं हातातली पाटी धरायला दिली. ती एकदाही धावली नाही. गोविंदा तिच्यावरून नजर काढत नव्हता. शेवटी कर्ण्यातून सांगितलं की आग विझली आहे, कोणाला काही झालेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिनानं टोपी काढली तेव्हा तिचे केस घामानं चिकटले होते, आणि हात थरथरत होता. तो थरथरणारा हात फक्त तिच्या आईला दिसला.

जाळ्याची गाठ ओढली की आवळत जाते. त्या रात्री गोविंदाचे बूट काही केल्या निघेनात. तो तसाच बूट घालून झोपला, अंगावर घोंगडी आणि कानटोपी. देवकाबाई अंधारात हसू दाबत पडून होती. मग तिच्या लक्षात आलं की तोही जागा आहे. तो म्हणाला, "पोट्टी घाबरली होती का?" ती म्हणाली, "हो. हात हालून राह्यला होता तिचा." कुशीवर वळून तो म्हणाला, "आवाजात नाई आलं पण."

मुंबई आली. सामान घेऊन दोघं दारापाशी आली तर रिना तिथं उभी. सलवार-कमीज घातलेली, पायाशी तिची बॅग. डोळे सुजलेले होते, पण तोंडावर हसू आणलेलं. साहेबांनी शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहतो म्हटलं होतं, आणि तिनं त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं. पण बापानं चौकात दिलेला शब्द तिला माहीत होता, म्हणून ती तयार होऊन आली होती.

गोविंदा म्हणाला, "कुठी निघाली?"

"तुमच्यासंगं. गावाले."

"अन् एवढे माणसं कोणाच्या भरोशावर सोडून राह्यली?"

रिनाला वाटलं, बाप थट्टा करतोय. पण त्याला थट्टा येत नाही. ती म्हणाली, माझ्या जागेवर दुसरी मुलगी येईल, तिला सगळं शिकवलेलं असतं.

"थे दुसरी मी पाह्यलो नाई," गोविंदा म्हणाला. "तुले पाह्यलो." आणि त्यानं तिची बॅग उचलली, वळला आणि जहाजाच्या आत नेऊन ठेवली.

रिना दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. देवकाबाईनं तिला जवळ घेतलं नाही, कारण दोघी रडत बसल्या असत्या आणि मागं लोक खोळंबले होते. तिनं फक्त पोरीची ओढणी नीट केली आणि सांगितलं, जा, साहेबाला सांग जाऊन. मला मात्र ती म्हणाली की तिथं त्या दारात तिला ओरडून ओरडून सांगावंसं वाटत होतं, ही पोट्टी माझी आहे, आणि हा नवराही माझाच आहे.

दोघंच परतली. चौकात लोकांनी विचारलं, पोट्टी कुठं आहे? गोविंदा म्हणाला, कामावर, आणि घरी गेला. बाकीचं देवकाबाईनं पुढल्या बाजारात सांगितलं. त्या दिवशी तिची मासोळी उशिरा विकली गेली, कारण घेणारे नुसते ऐकत उभे होते.

मग नागभीडहून पत्रूभाऊ आले. मी चहा घेऊन गेले होते म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. माणूस भला, पण दुखावलेला. त्यांनी सरळ म्हटलं, गोविंदाभाऊ, तुमचा शब्द होता. गोविंदाचा शब्द मोडलेला आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. देवकाबाई बोलायला पुढं सरसावली, पण त्यानं हात वर केला. त्यानं एवढं लांब बोललेलं मी आधी कधी ऐकलं नाही, पुढं ऐकेन असंही वाटत नाही. "शब्द माहा होता जी, मीच मोडला. चारचौघांत मले काई बी म्हणा. पोट्टीले काई म्हणू नका. थे पाण्यावर मांगची हाय." पत्रूभाऊही ढिवरच. तो शब्द एका मुलीसाठी ऐकून ते गोविंदाच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं की मुलीनं जहाजावरचं काम चालू ठेवून, सुट्टीला घरी येत राहून, असं लग्न होऊ शकतं का; मुलाला मी घरी जाऊन विचारीन, पण तुमचं काय म्हणणं आहे?

मी गोविंदाच्या मानेकडे पाहत होते. सगळे व्यवहार ती मानच ठरवत आली होती. ती हलली नाही.

"पोट्टीले विचारून सांगतो," तो म्हणाला.